कलेजीशिवाय तीन हिवाळे

१४ ऑक्टोबर

इंगुन,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र आपटून बंद करता येत नाही. फार तर चुलीत घालता येतं, आणि बर्गनच्या तुझ्या घरात चूल नाही हे मला ठाऊक आहे.

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी लेकीचं अक्षर दिसावं आणि त्यात काय, तर 'आई, तू पंचावन्न झालीस, सरकारकडून शौचाच्या तपासणीचा लिफाफा येईल, नमुना घेऊन पाठव.' वाढदिवसाच्या शुभेच्छा अशा लेकीच देऊ शकतात.

लिफाफा आला आहे. आपल्या बेटावर पोस्ट म्हणजे तुरीलच्या दुकानातला मागचा कोपरा, दुधाच्या फ्रिजशेजारी. लिफाफा माझ्या हातात देताना ती म्हणाली, "परत देशील तेव्हा नीट चिकटवून दे बाई, शेजारी लोण्याचे पुडे असतात." तिलाही यंदाच पंचावन्न लागलं, म्हणजे तिचा लिफाफा तिलाच तिच्याकडे द्यावा लागणार. त्या विचाराने मला दिवसभर बरं वाटलं.

मला या तपासणीची गरज नाही हे तुलाही माहीत आहे. ज्या महिन्याच्या नावात र येतो त्या प्रत्येक महिन्यात, दुधाचे दात होते तेव्हापासून, मी रोज सकाळी चमचाभर कॉड माशाच्या कलेजीचं तेल घेत आले. दोन महिने सूर्य न दिसणाऱ्या गावात आमची हाडं त्या तेलावर उभी आहेत. तुझीही आहेत. तू नाक दाबून प्यायचीस आणि मग मांजराच्या तोंडाजवळ श्वास सोडायचीस.

तुझ्या वडिलांच्या दफनानंतरच्या कॉफीला, सभागृहात सगळं गाव केक खात बसलेलं असताना, तू उभी राहून म्हणालीस, "त्या तेलाच्या बाटलीऐवजी त्यांना डॉक्टरकडे नेलं असतंस तर ते आज इथे असते." हालवार काकांच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांनी, माझ्या पेडरने, वर्षभर शौचातून रक्त जात असल्याचं माझ्यापासूनही लपवलं होतं, हे तू ऐकायला थांबली नाहीस. पहिल्या बोटीने गेलीस.

नमुना पाठवते आहे. निकाल स्वच्छ आला की त्याची प्रत तुला पाठवीन, ती भिंतीला लाव.

आई

९ नोव्हेंबर

इंगुन,

नमुन्यात रक्त निघालं. घाबरू नकोस, त्याचं कारण मला माहीत आहे.

नमुना घेतला त्या आठवड्यात हालवार काकांनी मेंढ्या कापल्या. रक्त फेकून द्यायची आपल्याकडे पद्धत नाही. सोमवारी रक्ताची धिरडी, मंगळवारी रक्ताचं सॉसेज, बुधवारी उरलेली धिरडी सरबतासारख्या पातळ जॅमबरोबर. एवढं सगळं पोटात गेल्यावर ते कुठून तरी बाहेर पडणारच. तिकडे प्रयोगशाळेत बसलेल्या शहरी पोरीला मेंढी कधी कापतात हे काय माहीत असणार?

त्यांनी आतड्यात कॅमेरा घालायची तारीख पाठवली आहे. ती मी रद्द करायला सांगणार आहे. दोन दिवस पोट रिकामं ठेवायचं, ते घाणेरडं औषध लिटरच्या हिशोबाने प्यायचं, तासभर बसने जायचं आणि अनोळखी माणसाकडे पाठ करून झोपायचं, हे सगळं मेंढीपायी.

हालवार काकांनाही माझं म्हणणं पटलं आहे. ते म्हणाले, "मागनहिल्ड, तुझ्या अंगात इतकं तेल आहे की कॅन्सर आत शिरला तरी घसरून पडेल." तुझ्या वडिलांनाही ते हेच म्हणायचे. हे मला ते निघून गेल्यावर आठवलं.

आई

२६ नोव्हेंबर

इंगुन,

तुझं पत्र पोचलं. पहिलं पान शास्त्राचं होतं. ही तपासणी फक्त माणसाचंच रक्त ओळखते, मेंढीचं नाही, गाईचं नाही, कितीही धिरडी खा. मी खात्री करायला आरोग्य केंद्रात विचारलं, तिथल्या नर्सनेही तेच सांगितलं आणि वर हसली. गेल्या वर्षी आणखी दोघांनी धिरड्यांचंच कारण दिलं होतं म्हणे.

दुसऱ्या पानावर एकच ओळ होती. 'एकाच आतड्यापायी मी आई आणि बाप दोघांना घालवणार नाही.'

ते पान मी ब्रेडच्या डब्यावर टेकवून ठेवलं. दोन दिवस त्याच्यासमोर जेवले. मला भीती वाटते, इंगुन. तपासणीची नाही. आत काय असेल त्याची. तुझे वडील शेवटी इतके हलके झाले होते की मी एकटी त्यांना कुशीवर वळवू शकत होते, आणि ते पुन्हा कुणाला करावं लागू नये असं मला वाटतं.

रद्द केलेली तारीख परत मिळाली. १० डिसेंबर.

आई

१२ डिसेंबर

इंगुन,

जिंकले.

दोन पॉलिप निघाले, म्हणजे आतड्याला आतून उगवलेल्या गाठी. एक मटारएवढा, आणि दुसरा देठावर उभा असलेला, जंगलातल्या अळंबीसारखा, चांगला अंगठ्याएवढा. पडद्यावर मी स्वतः पाहिला. डॉक्टरीणबाईंनी तारेचा फास त्याच्या गळ्यात टाकला आणि तो गेला. दुखलं नाही. मी त्याला निरोपाचा एक शब्द बोलले, तो तुला लिहिण्यासारखा नाही.

आज फोन आला. कॅन्सर नाही. मोठ्या पॉलिपमधल्या पेशी मात्र बिघडायला लागल्या होत्या, अजून काही वर्षं तो तिथेच राहिला असता तर त्याचा कॅन्सर होण्याची भीती होती. आता तो बाटलीत आहे आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून दालचिनीचे पाव खाते आहे. तुरीलला फोन केला, हालवार काकांना केला, ज्यांच्याशी बोलत नाही त्या पाद्रीणबाईंनाही केला. मग पेडरच्या फोटोसमोर उभी राहिले आणि खूप रडले. त्यांचाही असाच कधीतरी मटारएवढा असेल.

परवा हॉस्पिटलातून निघण्याआधी एक गोष्ट मी डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय सोडली नाही. आयुष्यभर तेल घेतलं, मग हे आत आलं कसं? त्या म्हणाल्या, "तेलातल्या ड जीवनसत्त्वाने तुमची हाडं नीट ठेवली आहेत. कॅन्सरला ते अडवतं का, हे आम्हालाही अजून नक्की माहीत नाही. कॅल्शियममुळे पॉलिप परत यायचं प्रमाण थोडं कमी होतं असं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण दारावर पहारा करायचं काम कॅमेऱ्याचंच."

आणि मग नर्स ब्रीता आली आणि तिने तुमच्या अभ्यासाचं सांगितलं. हो, तुमच्याच, तू बर्गनला काम करतेस त्या प्रयोगशाळेच्या. ज्यांचे पॉलिप काढले त्यांना तीन वर्षं रोज गोळ्या. कुणाला कॅल्शियम, कुणाला ड, कुणाला दोन्ही, आणि कुणाला नुसत्या पिठाच्या रिकाम्या. कोणाला काय, हे ना घेणाऱ्याला माहीत ना देणाऱ्याला. मी म्हटलं, करते की. तेव्हा तिने अट सांगितली. तीन वर्षं कलेजीचं तेल बंद. कलेजीही बंद. मासा चालेल. रक्तातलं ड फार खाली गेलं तर तेच कळवणार.

मी उठून चालायला लागले. हिवाळ्यात, आमच्या अक्षांशावर, तेल बंद? बसथांब्यापर्यंत गेले. थांब्यावर कॉडच्या तेलाची मोठी जाहिरात होती, गुलाबी गालांचा पोरगा चमचा चाटतो आहे. पेडरच्या शेवटच्या हिवाळ्यातही चमचा त्यांच्या तोंडात जात होता, आणि तेल काय करतं नि काय करत नाही हे सांगणारं कुणी नव्हतं. कुणीतरी ते शोधून काढायलाच हवं होतं. बस आली, दार उघडलं, मी चालकाला हात केला आणि परत आत गेले.

सही केली आहे.

आई

२३ जानेवारी

इंगुन,

मी तुला काही सांगायचं नाही आणि तू मला काही विचारायचं नाहीस, हे ब्रीताने दोनदा बजावलं. पण मी माझे गुडघे बरे आहेत एवढं तर कुठल्याही आईसारखं लिहू शकते ना. गुडघे बरे आहेत. नखंही कडक झाली आहेत. बाकी तू समजून घे. मला खऱ्या गोळ्या मिळाल्या आहेत यात काही शंका नाही. म्हणजे मी काही बोलले नाही.

काल सूर्य परत आला. नेहमीसारखं सगळं गाव चर्चच्या मागच्या टेकडीवर, पोरांच्या हातात जॅमचे पाव, आणि तो डोंगराच्या खाचेतून दोन मिनिटं डोकावून गेला. मी तोंड वर करून उभी राहिले आणि जीभ बाहेर काढली, म्हटलं चाटता आलं तर चाटावं. शिक्षिका पोरांना सांगत होती की या उन्हातून अंगाला ड मिळत नाही, त्याला अजून दोन-तीन महिने आहेत. तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी हालवार काकांकडे हंगामाचं पहिलं जेवण होतं. ताजा कॉड, गाभोळी, आणि मधे मोठ्या वाडग्यात कांद्यात शिजवलेली कलेजी, वर तेल तरंगत होतं. वाडगं माझ्यापाशी आलं आणि मी ते पुढे सरकवलं. काका म्हणाले, "मागनहिल्ड, बाप्तिस्मा पण परत देणार आहेस का?" मी म्हटलं, माझ्या लेकीचा अभ्यास आहे. त्यावर तुरील म्हणाली, "जी लेक तुझ्याशी बोलत नाही तिच्यासाठी?" मी बटाटे मागितले.

तुरीलचा नमुना स्वच्छ आला, हे सांगायचं राहिलं. तिने निकालाचा कागद गल्ल्यामागे टाचला आहे.

आई

१९ मार्च, पुढच्या वर्षीचा

इंगुन,

दुसरा हिवाळा संपत आला. तुझी पत्रं मोठी होत चालली आहेत, मागच्या पत्रात तर तू हवामानाव्यतिरिक्तही काही लिहिलंस. तुझ्या वरच्या मजल्यावरच्या माणसाला ड्रम वाजवायचे धडे बंद करायला सांग, मी तुझ्या जागी असते तर केव्हाच सांगितलं असतं.

यंदा कॉड भरपूर. धक्क्यावर कलेज्यांच्या बालद्या भरून ठेवलेल्या असतात आणि मी नाक दुसरीकडे वळवून जाते. काल हालवार काका चमचा घेऊन मागे लागले, म्हणे कोण बघतंय. मी म्हटलं, "रक्त बघतंय." ते मागे लागायचे थांबले.

दर सहा महिन्यांनी ब्रीता माझं रक्त घेते आणि ते थंड पेटीतून बर्गनला जातं. तुझ्या हाताखालून नळ्या जातात असं तू एकदा लिहिलं होतंस, हजारो, नुसते आकडे लावलेल्या. म्हणजे माझी एक नळी तू कधीतरी हातात धरली असशील आणि तुला माहीतही नसेल. मला हे कुणापाशी तरी बोलायचं होतं. तुरीलपाशी बोलले तर ती दुधाच्या फ्रिजकडे तोंड करून बराच वेळ डबे लावत बसली.

ये असं मी म्हणत नाही. खोलीत हीटर चालू असतो एवढंच सांगते.

आई

११ डिसेंबर, त्याच्या पुढच्या वर्षीचा

इंगुन,

स्वच्छ.

सगळं आतडं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नव्या रंगवलेल्या बोटीसारखं. एकही पॉलिप नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शाळेत दाखवायला ठेवावं असं आहे. आता पाच वर्षांनी या.

गोळ्या संपल्या. हॉस्पिटलच्या पायरीवर, बसची वाटही न बघता, मी पर्समधून बाटली काढली. चमचा घरून नेला होता. इंगुन, तीन वर्षांनी ते तेल! जिभेवर सगळा समुद्र आला. शेजारी सिगारेट ओढत उभा असलेला माणूस दोन पावलं मागे सरकला.

सगळ्यांच्या गोळ्या संपून हिशोब लागेपर्यंत कोणाला काय मिळालं ते कळणार नाही. मला कळायची गरज नाही. मी गावभर सांगून ठेवलं आहे की मला दोन्ही मिळाली.

आई

१७ नोव्हेंबर

इंगुन,

रिकाम्या.

पीठ! तीन वर्षं रोज सकाळी पीठ! ब्रीताने फोनवर इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला वाटलं कुणी गेलं. मी विचारलं, आणि माझी नखं? ती म्हणाली, नखं तुमची स्वतःची आहेत.

दुपारपर्यंत गावाला कळलं. हालवार काका मुद्दाम चालत आले, दारातच टोपी काढली आणि म्हणाले, "मागनहिल्ड, ज्या पिठाने तुझे गुडघे बरे झाले ते मला पण दे, मी पोतं घेतो." मी दार लावून घेतलं. तीन हिवाळे कलेजी सोडली, सूर्य चाटला, सगळ्यांचे टोमणे खाल्ले, आणि कशासाठी, तर काहीच देत नव्हते त्या रांगेत उभी राहण्यासाठी. मी इतकी चिडले आहे की ब्रेड करपला.

तुझा अभ्यास काय म्हणतो ते तूच ये आणि सांग. पत्रात नको.

आई

२५ जानेवारी

इंगुन,

तुझी बोट भूशिराच्या पलीकडे जाईपर्यंत मी धक्क्यावर उभी होते. तू हात हलवणं का थांबवलंस ते मला कळलं, आत जाऊन तू डोळे पुसणार हे मला ठाऊक होतं. हातमोजे इथेच राहिले आहेत. ते परत पाठवणार नाही, न्यायला ये.

सूर्य परत आला त्या दिवशी सभागृहात जे झालं ते मला लिहून काढायचं आहे. तू विसरशील म्हणून नाही. म्हातारपणी पुन्हा वाचायला माझ्याजवळ असावं म्हणून.

तेच सभागृह, तीच लांब टेबलं, तीच केकची ताटं, आणि यंदा मधे कलेजीचं वाडगंही. पाद्रीणबाईंनी तुला बोलायला सांगितलं आणि तू उठलीस, तेव्हा मी टेबलाची कड धरली. मागच्या वेळी तू इथे उठली होतीस तेव्हाचं मला सगळं आठवलं. तुला पण आठवलं असणार, कारण बोलण्याआधी तू हालवार काकांच्या हातातल्या कपाकडे पाहिलंस.

मग तू सांगितलंस. कॅल्शियम घेणाऱ्यांमध्ये पॉलिप परत यायचं प्रमाण थोडं कमी निघालं. ड जीवनसत्त्वाने तुमच्या अभ्यासात काही फरक पडला नाही. प्रत्यक्ष कॅन्सरबद्दल इतक्या थोड्या वर्षांत काही म्हणता येत नाही, त्यावर अजून काम चालू राहील. हालवार काकांनी अपेक्षेप्रमाणे हात वर केला, म्हणाले, "म्हणजे तेल फुकट?" तू म्हणालीस, "काका, तेल प्या. हिवाळ्यात हाडांना ते लागतंच. पण लिफाफा आला की नमुना पाठवा, तेल प्यालो म्हणून पाठवणार नाही असं म्हणू नका. माझे वडील तसंच म्हणाले होते." काका खाली बसले. त्यांनी टोपी हातात घेतली आणि ती बराच वेळ फिरवत बसले.

आणि मग तू माझ्याकडे वळलीस.

"माझी आई रिकाम्या गोळ्यांच्या गटात होती," तू म्हणालीस. "गावात यावर बरंच हसून झालंय असं कळलं. तर ऐका. दुसऱ्यांच्या गोळीने काही झालं की नाही हे आम्हाला फक्त अशाच लोकांशी ताडून कळतं. तेल गुपचूप पिऊन गोळ्या घेणारे आम्हाला खूप मिळाले, त्यांचं रक्त सांगतं. आईच्या गटात नियम पाळणारे थोडे होते. या तीन हिवाळ्यांत ज्यांनी कलेजीचं वाडगं पुढे सरकवलं त्यांच्यामुळे आज मी इथे काहीतरी खात्रीने सांगू शकते." आणि मग हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "या सभागृहात मी तिच्याबद्दल एकदा जे बोलले, ते चुकीचं होतं."

टाळ्या आधी तुरीलने वाजवल्या. मग सगळ्यांनी. काका उभे राहिले, वाडगं उचललं आणि सगळ्यात मोठी कलेजी माझ्या ताटात घातली. मी ती सगळ्यांदेखत खाल्ली, तुझ्या खांद्यावर एक हात ठेवून. इंगुन, माझ्या लग्नातही माझी मान इतकी ताठ नव्हती. मला वाटलं पेडर दारात उभे आहेत, बूट काढायचे विसरून.

आता एक काम. तुझ्या वडिलांना साठीच्या आत झालं, आणि माझ्यात काय उगवलं होतं ते मी पडद्यावर पाहिलं आहे. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या अशा घरातल्या मुलांनी चाळिशीतच कॅमेरा घालून घ्यावा, पंचावन्नच्या लिफाफ्याची वाट बघू नये. मे महिन्यात तुला चाळीस पूर्ण होतात. तू दुसऱ्यांच्या हजारो नळ्या हाताळल्यास आणि स्वतःची तारीख घेतली नाहीस, हे मी बोटीवर चढताना तुझ्या तोंडावरून ओळखलं.

मला शास्त्र येत नाही, म्हणून तुझंच वाक्य तुला परत पाठवते. ते पान अजून ब्रेडच्या डब्यावर आहे, फक्त मी खाली माझ्या अक्षरात दुसरी ओळ लिहिली आहे. एकाच आतड्यापायी मी नवरा आणि लेक दोघांना घालवणार नाही.

तारीख कळव. मी येते बर्गनला. ते घाणेरडं औषध तू पीत असशील तेव्हा मी शेजारी बसेन, आणि तुला हवं असेल तर नाक मी दाबीन.

आई

ता. क. मांजर आणून ठेव.